जेवलो नाही, नुसतं खाल्लं

“जेवलास का रे?”

“नाही काकू. नुसतं खाल्लं.”

लिफ्टमधलं हे बोलणं. मुलगा शेजारच्या फ्लॅटमधला, नववीतला. रात्रीचे पावणेनऊ वाजलेले. क्लासहून येत होता, पाठीवर दप्तर, ओठाच्या कडेला शेजवान चटणीचा लाल ओघळ. काय खाल्लं ते विचारलं. फ्राइड राइसची हाफ प्लेट, मित्राच्या प्लेटमधले तीन मोमो आणि अर्ध्या लिटरचं कोल्ड्रिंक दोघांत मिळून. एवढं पोटात घालून तो आता जेवायला घरी निघाला होता. आईनं पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या असणार, भाजी तिसऱ्यांदा गरम केली असणार.

मराठीत जेवण वेगळं आणि खाणं वेगळं. जेवायला ताट लागतं, बसायला लागतं, शेवटी ताकभात लागतो. खाणं उभ्याउभ्या होतं. त्याला आपण ‘वरचं खाणं’ म्हणतो, ‘मधल्या वेळचं’ म्हणतो, म्हणजे ते मोजायचं नाही असं आधीच ठरलेलं असतं. मधली वेळ चुरमुऱ्यांवर, गूळ-शेंगदाण्यांवर, फार तर पोह्यांच्या बशीवर भागत होती तोवर हे ठीक होतं. आता त्याच शब्दाच्या आडून एक अख्खं जेवण आत शिरतंय आणि घरात त्याची नोंद होत नाही. मुलगा खोटं बोलत नव्हता. तो खरोखरच जेवला नव्हता.

त्या रात्री मी त्याच्या खाण्याचा हिशेब मांडायला बसले. दुसऱ्या दिवशी त्या फ्राइड राइसच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. गाडीवाल्या दादांनी दोन हाफ प्लेटसाठी कढईत पळीभर तेल सोडलं. घरी येऊन आमची तेवढीच पळी मापून पाहिली, ४५ मिलिलिटर भरली. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल, सुमारे १२० कॅलरी देतं. भात पडायच्या आत प्रत्येक प्लेटीत १८० कॅलरी जमा. ज्वारीच्या एका बऱ्यापैकी भाकरीत साधारण २०० असतात. कोल्ड्रिंकमध्ये दर १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. त्याच्या वाट्याच्या पाव लिटरात पंचवीस ग्रॅमहून जास्त, म्हणजे आणखी शंभरेक. भात, मोमो, सॉस धरून माझा अंदाज सहाशे ते सातशेवर गेला. त्याच्या वयाच्या मुलाचं रात्रीचं व्यवस्थित जेवणही जवळपास एवढंच असतं. ते त्यानं नंतर वर घेतलं.

हा हिशेब मी त्याला दाखवला नाही. नववीतल्या मुलाला कॅलरीचा कागद दाखवायचा नसतो. तो दाखवायचा आपल्यासारख्या मोठ्यांना.

*

आमचं महाळुंगे मुळशी तालुक्यातलं. बोलताना सगळे म्हाळुंगे म्हणतात. हुतात्मा बाबू गेनूंचं महाळुंगे पडवळ आंबेगाव तालुक्यात आणि कारखान्यांचं महाळुंगे इंगळे चाकणजवळ. हे तिसरं, मुळेच्या काठचं, बालेवाडीला चिकटलेलं. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल इथेच उभं राहिलं. २००८च्या ऑक्टोबरात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा इथेच झाल्या. कितीतरी देशांची अठरा वर्षांच्या आतली मुलं आमच्या शिवारात धावली, पोहली, वजनं उचलून गेली. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचंही गेलं. शेतांच्या जागी वीस-वीस मजले आले, समोर हिंजवडी, पलीकडे महामार्ग.

एवढी ओळख कशासाठी? तर राज्यातलं सगळ्यात मोठ्या नावाचं क्रीडासंकुल ज्या गावात आहे, त्या गावातली पंधरा वर्षांची मुलं संध्याकाळी सहा ते नऊ कुठे असतात ते सांगायचंय म्हणून. ती क्लासमध्ये असतात आणि क्लासच्या खालच्या गाळ्यांपुढे असतात. गाळ्यांत काय आहे? मोमो, फ्रँकी, शोर्मा, चायनीज, पिझ्झा, चीज घातलेला वडापाव, मेयोनीज घातलेलं सँडविच. बसायला लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर दिवे, फुकटचं वायफाय. शंभर रुपयांत चौघा मित्रांना अर्धा तास एकत्र बसता येईल अशी दुसरी जागा मला या गावात दाखवा. मी शोधली. नदीकाठ अंधारात, सोसायटीच्या बागेत ‘बॉल खेळू नये’चा फलक आणि रस्त्याला पदपथ नाही.

मुलं नुसती चवीपायी तिथे जात नाहीत. ती एकमेकांना भेटायला जातात आणि भेटीचं भाडं म्हणून खातात.

*

या सगळ्यात भूक खोटी नाही हे आधी मान्य करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली सुधारलेल्या आकड्यांनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला २८६० कॅलरी लागतात आणि मुलीला २४००. सोळा ते अठराच्या मुलाला ३३२०, मुलीला २५००. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २११० पुरतात. म्हणजे हिंजवडीत संगणकासमोर बसणाऱ्या बापापेक्षा अकरावीतल्या पोराला रोज बाराशे कॅलरी जास्त लागू शकतात. “किती खातोस!” असं ताटावर बसलेल्या पोराला म्हणणाऱ्यांनी हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवावा. हाडं लांब होतायत, स्नायू भरतायत, आवाज फुटतोय. या वयात भूक लागणं हे तब्येतीचं लक्षण आहे.

पण ३३२० हा आकडा हालचाल करणाऱ्या मुलाचा आहे. सकाळी स्कूल बस, दिवसभर बाक, संध्याकाळी क्लासचा बाक, रात्री पलंग आणि मोबाइल अशा दिवसाचा तो नाही. भूक वाढीच्या वयाची आणि दिवस निवृत्त माणसाचा. या दोन्हींच्या मधल्या फटीत फास्टफूड नेमकं बसतं.

ते कसं बसतं हे नीट तपासलं गेलंय. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली तेरा ते सतरा वर्षांची ५४ मुलं घेतली, काही बारीक, काही वजनानं जास्त. त्यांना फास्टफूडचं मोठ्ठं जेवण समोर ठेवून सांगितलं, हवं तेवढं खा. एका बैठकीत मुलांनी सरासरी १६५२ कॅलरी खाल्ल्या. दिवसभराच्या गरजेचे ६० टक्क्यांहून जास्त, एका तासात. दुसऱ्या भागात त्यांनी त्याच मुलांचे घरचे दिवस तपासले, फास्टफूड खाल्लेले आणि न खाल्लेले. वजनानं जास्त असलेल्या मुलांच्या पोटात फास्टफूडच्या दिवशी चारशेहून अधिक कॅलरी जादा गेल्या. बारीक मुलांनी मात्र उरलेल्या दिवसात कमी खाऊन हिशेब जुळवला.

ही शेवटची ओळ वाचून पुष्कळ आयांना हायसं वाटेल. “आमचा तर काटकुळाच आहे.” त्याकडे मी येणार आहे, थोडं थांबा.

२०१३ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या सर्वेक्षणाची छाननी झाली. बारा ते एकोणीस वयाची साडेचार हजारांवर मुलं होती त्यात. फास्टफूड खाल्लेल्या दिवशी या मुलांच्या पोटात सरासरी ३१० कॅलरी जास्त गेल्या. अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये वाढ होती १२६. लहान मुलापेक्षा मोठ्या मुलाची चूक अडीच पट. सोपं आहे: लहान मुलाच्या ताटावर कुणाचं तरी लक्ष असतं, मोठ्याच्या खिशात पैसे असतात.

लिफ्टमधल्या त्या वाक्याचा अर्थ मला इथे लागला. शरीर जे खातं त्याची वजाबाकी पुढच्या ताटातून करायला हवी. फास्टफूडच्या बाबतीत ती वजाबाकी पुरती होत नाही. पोट म्हणतं, जेवलो नाही, नुसतं खाल्लं.

पोट असं का म्हणतं, याचाही थोडा उलगडा झालाय. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस प्रौढ माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यातून आलेलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं शिजवलेलं. दोन्हींत ताटात वाढलेली साखर, मेद, मीठ, चोथा सारखा ठेवला होता आणि खाण्यावर बंधन नव्हतं. प्रक्रिया केलेल्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जादा खात राहिली आणि दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वाढली. ती भराभर खात होती. मऊ, दातांना काम नाही, घासामागून घास. हे प्रौढांचं झालं, मुलांवरचा प्रयोग नव्हे. पण ज्याला क्लासच्या दोन तासिकांमध्ये वीस मिनिटं मिळतात तो पोरगा आणखी हळू खाईल असं मला वाटत नाही.

भाकरी चावावी लागते. उसळ चावावी लागते. चावता चावता पोटाला निरोप पोचायला वेळ मिळतो. मैद्याचा पाव, मऊ टिक्की, वितळलेलं चीज आणि मेयोनीज यांना दातांची गरज लागत नाही. अस्सल मेयोनीजमध्ये तर दोन तृतीयांशाहून जास्त तेलच असतं, दिसायला मात्र ते दह्यासारखं पांढरंशुभ्र. आणि कोल्ड्रिंक तर गिळायचंच आहे. साखर पाण्यातून आत गेली की पोट तिला अन्न म्हणून मोजत नाही, तहान म्हणून सोडून देतं. मला विचाराल तर सगळ्या ताटातून एकच वस्तू उचलायची झाली तर ती बाटली उचला. बर्गर राहिला तरी चालेल.

*

आता क्रीडासंकुलाकडे. धावताना माणूस दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च करतो. आपला नववीतला मुलगा पन्नास किलोचा धरा. फास्टफूडच्या एका दिवसाच्या चारशे जादा कॅलरी जाळायला त्याला आठ किलोमीटर धावावं लागेल. चारशे मीटरच्या ट्रॅकवर वीस फेऱ्या. एका संध्याकाळच्या.

आठवड्यात तीन संध्याकाळी म्हणजे साठ फेऱ्या. कोण धावतंय? आमच्या इमारतीतल्या अकरा मुलांना मी विचारलं. संकुलात स्पर्धा बघायला गेलेले चार निघाले. धावायला गेलेली एक मुलगी, तीही शाळेच्या स्पर्धेसाठी. संकुल पाच मिनिटांवर आहे.

म्हणून “खा, पण व्यायाम करा” हे वाक्य मला पटत नाही. वीस मिनिटांत खाल्लेलं उतरवायला तासभर धावावं लागतं आणि तो तास आपण क्लासला देऊन टाकलाय. धावण्याची कारणं दुसरी आहेत, पुष्कळ आहेत, हाडांपासून झोपेपर्यंत. खाल्ल्याची शिक्षा म्हणून धावायला लावलं तर मूल धावणंही टाकेल.

*

काटकुळ्यांचं राहिलं होतं.

या बाबतीत पुण्याच्या माणसाला बॉस्टनपर्यंत जायची गरज नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची निघाली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत हे डोळ्यांना दिसतच होतं. मापं घेतल्यावर कळलं की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. बाहेरून बारीक, आतून चरबीचं. हे २००३ साली छापून आलं आणि पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जगभरच्या मधुमेहाच्या पुस्तकांत जाऊन बसली.

पुढच्या वर्षी याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी एक फोटो प्रसिद्ध केला. दोघं शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर दोघंही सडपातळ.

बॉस्टनचा बारीक आणि महाळुंग्याचा बारीक हे दोन वेगळे बारीक आहेत, असा मी याचा अर्थ लावते. बॉस्टनच्या बारीक पोरानं कॅलरींचा मेळ घातला म्हणून आपला काटकुळा सुटला असं होत नाही. त्याच्याकडे साखर खेचून घेणारा स्नायू मुळात कमी आहे. वरची चरबी कमरेभोवती आधी जमते, वजनकाट्यावर उशिरा दिसते. पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा असलेले भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते २०१५ साली बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं स्वीकारले. त्यात वजन जास्त असल्याची रेषा प्रौढांच्या २३ बीएमआयशी जुळवलीये, पाश्चात्त्यांसारखी २५शी नव्हे. कारण हेच. तुमच्या डॉक्टरांकडे हा तक्ता असतो. मुलाला ताप आल्यावर जाता तेव्हा दोन मिनिटं त्यावर ठिपका मांडून घ्या. फी तीच लागते.

एक मात्र पदर पसरून सांगते. ठिपका मांडताना मुलीला चार नातेवाइकांसमोर “जरा कमी खा, फुगतेयस” म्हणू नका. चौदाव्या वर्षी ऐकलेलं ते वाक्य आयुष्यभर ताटात पडलेलं राहतं. सकाळचा नाश्ता टाकून, दुपारचा डबा मैत्रिणीला देऊन संध्याकाळी त्याच गाडीवर भुकेनं तुटून पडणाऱ्या मुली मी बघते आहे.

*

गावाची दुसरी बाजू. या वीस मजली इमारती बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या महामार्गाच्या अलीकडेही आहेत आणि पलीकडेही. तिथेही चौदा-पंधरा वर्षांची मुलं आहेत. त्यांच्या हातात पाच रुपयांचं चकचकीत पाकीट असतं, कधी दोन. केंद्र सरकारच्या २०१६ ते १८ या काळातल्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची २४ टक्के मुलं हडकुळी होती आणि ५ टक्के जादा वजनाची. एकाच देशात, एकाच वयात. २८ टक्के पंडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेली.

पाकिटात कॅलरी असतात. तेल आणि पीठ आहे, तर त्या असणारच. पण त्यात लोह नाहीसारखं, प्रथिनं नाहीसारखी. मूल दिवसभर काहीतरी खात असतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि रक्त वाढत नाही. त्या आईला पाकीट का देतेस असं मी विचारू शकत नाही. ती सकाळी साडेसातला कामावर जाते, संध्याकाळी सातला येते. दूध चाळीस रुपये अर्धा लिटरकडे निघालंय, पाकीट पाच रुपयांना आहे आणि मूल रडायचं थांबतं.

युनिसेफनं २०२५च्या सप्टेंबरात सांगितलं की जगात पाच ते एकोणीस वयाच्या मुलांत स्थूल मुलांचं प्रमाण, ९.४ टक्के, पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांच्या पुढे, ९.२ टक्क्यांच्या पुढे गेलं. आपल्याकडे दोन्ही एका रस्त्यावर समोरासमोर राहतात.

*

कायदा आहे. २०१७च्या मे महिन्यात राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंकं हटवायला सांगितलं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनी तर शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकायला मनाई केली. सीबीएसईनं मे २०२५मध्ये शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. अकरा ते अठराच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींत १५ टक्के साखरेच्या असतात आणि असायला हव्यात ५ टक्के, असं त्या पत्रकातच लिहिलंय.

तो ५० मीटरचा नियम मला आवडतो. एकदा टेप घेऊन जावं आणि मोजावं असं वाटतं. पण ते वर्तुळ शाळेच्या फाटकाभोवती आखलंय. नववीपासून पुढचं मूल शाळेच्या फाटकापाशी भुकेलं नसतं, तेव्हा बस उभी असते. ते भुकेलं होतं क्लासच्या जिन्याखाली, संध्याकाळी साडेसहाला. त्या जिन्याभोवती कुणी वर्तुळ आखलेलं नाही. क्लास चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: तुम्ही वर्षाला लाखाच्या घरात फी घेता. एक खोली द्या, जिथे मुलं पंधरा मिनिटं बसून डबा खातील. पिण्याचं पाणी द्या. साडेसहाची सुट्टी वेळापत्रकात लिहा. आमच्या ओळखीच्या एका क्लासमध्ये वर्गात डबा उघडायला बंदी आहे, वास येतो म्हणून. मग मूल डबा कुठे उघडणार? रस्त्यावर?

मोठ्या साखळी उपाहारगृहांना, ज्यांच्या दहा किंवा जास्त शाखा आहेत त्यांना, १ जुलै २०२२पासून पदार्थासमोर कॅलरी छापाव्या लागतात. मोबाइलवरून मागवतानाही तो आकडा दिसायला हवा. सोबत एक ओळ असते की प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २००० कॅलरी लागतात. पुढच्या वेळी मागवताना मुलाच्या शेजारी बसून ते आकडे एकदा वाचा, बंदी म्हणून नव्हे, गणित म्हणून. कॉम्बो घेतला की पन्नास रुपये वाचतात आणि फ्राइज-कोल्ड्रिंकच्या पाचशेक कॅलरी पदरात पडतात हे त्याला स्वतःलाच दिसेल. पोरं हुशार आहेत. गाडीला, गाळ्याला हा नियम लागू नाही. तिथे पळीच मोजायची.

सरकारचं मात्र एक कळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासूनही कोल्ड्रिंकवरचा एकूण कर ४० टक्केच राहिला, उत्तम झालं. त्याच दिवशी झटपट नूडल्स, शेव-फरसाणाची पाकिटं, चॉकलेटं ५ टक्क्यांवर आली. एका हातानं बाटली महाग ठेवली, दुसऱ्यानं पाकीट स्वस्त केलं. घरखर्चाला हातभार म्हणून हे केलं असेल, तर शेंगदाणे, फुटाणे, केळी, अंडी, दूध क्लासच्या जिन्याखाली स्वस्तात मिळतील असं काहीतरी करा. महापालिकेला गाळेधारकांकडून कर घेता येतो, तर एका गाळ्यात उकडलेली अंडी आणि उसळ ठेवणाऱ्या बचत गटाला जागाही देता येईल.

*

कुणी म्हणेल, वडापावही फास्टफूडच की. आहेच. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि त्याला मराठी म्हणून सवलत मिळत नाही. पण त्याची गोष्ट आठवा. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगतात. गिरण्यांच्या पाळ्या सुटायच्या त्या वेळी आणि त्या परिसरात. दिवसभर साच्यावर उभं राहिलेल्या माणसाला घरी पोचेपर्यंत तग धरायला तीनशे कॅलरी हव्याच होत्या, हातात मावतील अशा आणि परवडतील अशा. ते खाणं त्या अंगासाठी होतं. आता तोच वडा, आत चीज, वर मेयोनीज, बाजूला फ्राइज, आणि खाणारा आठ तास बाकावर बसलेला. वड्यात फारसं बिघडलं नाही. बिघडला तो दिवस.

*

आमच्या इमारतीत आम्ही सात घरांनी जूनपासून एक गोष्ट सुरू केली. क्लासला निघण्याआधी, साडेपाचला, पाळीपाळीनं एका घरात मुलांचं खाणं. बसून. ताटलीत. थालीपीठ-दही, मटकीची उसळ-पाव, अंड्याची पोळी, घावन, शेंगदाण्याचा लाडू, काकडी. काही नवल नाही त्यात. पहिल्या आठवड्यात मुलं आली नाहीत. मग एक आला, मग तो मित्राला घेऊन आला. एकत्र बसायला मिळतं म्हणून येतात हे मला दिसतंय आणि त्यात मला आनंदच आहे. ज्या आया साडेपाचला ऑफिसात असतात त्यांनी रविवारची पाळी घेतली. एका घरात बाबा करतात. त्यांचे पोहे माझ्यापेक्षा चांगले होतात.

गाडी बंद केली नाही. करायचीही नाही. शनिवार गाडीचा. फक्त एक गोष्ट सगळ्या मुलांशी बोलून ठरवली. गाडीवर खाल्लं की ते जेवण धरायचं. घरी येऊन परत ताट नाही. भूक उरलीच तर ताकभात, नाहीतर एक केळं. बाटलीऐवजी पाणी. आयांना हे मुलांपेक्षा जड गेलं. पोळ्या करून ठेवायची सवय हाताला असते. “उपाशी झोपला माझा पोरगा,” एकजण पहिल्या शनिवारी म्हणाली. उपाशी नव्हता. गाडीवरची पळी मी पाहिलेली आहे.

काही शनिवारी ठरलेलं मोडतं. परीक्षेच्या आठवड्यात सगळंच मोडलं, रोज रात्री दहाला डिलिव्हरीच्या मोटरसायकली गेटवर. दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं.

परवाच्या शनिवारी आठ वाजता फोन आला. मागे कढईचा खणखणाट, पोरांचा गलका, कुणीतरी शेजवान आणखी मागत होतं.

“काकू, आईचा फोन लागत नाहीये. तिला सांगाल का?”

“काय सांगू?”

“पोळ्या करू नको म्हणावं. मी जेवलोय.”